चौथा नियम

महिन्याचा शेवटचा रविवार. हजर : नीलिमा, शबाना, फडकेकाका आणि मी. गैरहजर कोणी नाही.

आम्ही चौघं पुस्तकांवर ब्लॉग लिहितो आणि दर महिन्याला एक विषय ठरवून वाचतो. या वेळचा विषय होता विहीर. फडकेकाकांनी पुस्तक उघडून एक उतारा वाचला, अगदी रंगून. उतारा चांगला दोन-तीन पानांचा होता, पण त्यांनी पान उलटलंच नाही.

"काका, पाठ करून आलात की काय?" शबानाने विचारलं.

"तुझ्यासारखं नुसतं चाळून येत नाही गं मी," काका म्हणाले. सगळे हसले. मग चहा घेताना त्यांचा हात कपाच्या शेजारून गेला आणि मला कळलं, काकांना नीट दिसत नाही. पुस्तक त्यांना घरी सूनबाई वाचून दाखवत असणार.

कोणी काय वाचलं त्याची यादी मी ठेवते, गटाचे नियमही मीच केलेत. चौथा नियम : ऐकलेलं पुस्तक वाचलेल्यात धरायचं नाही. लहानपणी श्रावणात आई पोथी वाचायची आणि ऐकणारे आम्ही सगळेच म्हणायचो, "आजचा अध्याय वाचून झाला." त्यात कुणाला खोटं वाटलं नव्हतं. मग हा नियम मला सुचला तरी कसा?

तो खोडला, तर माझ्या लक्षात आलंय हे काकांना कळेल. ठेवला, तर ते दर महिन्याला पानंच्या पानं पाठ करत बसतील.

पुढच्या महिन्याचा विषय आणि नियम आजच सगळ्यांना पाठवायचे होते. अजून पाठवलेले नाहीत.