मामीजींची टोपी

माझी सासू माझ्याकडे नोकरीला होती. रीतसर, पांढरी टोपी घालून.

हसू नका. पोलादाचा प्लांट उभा राहत होता त्या दिवसांत भिलाईत दुकानासाठी माणूस मिळवणं म्हणजे काय, हे ज्यानं दुकान चालवलं त्यालाच ठाऊक. सेक्टर सहाच्या बाजारात मी नागपूरच्या एका जुन्या फरसाणवाल्याची शाखा घेतली होती. नाव त्यांचं, मसाला त्यांचा, बोर्ड त्यांचा. भाडं, भट्टी आणि काळजी माझी. बायकोच्या, कुसुमच्या, पाटल्या त्यातच गेल्या होत्या. शाखा हातची गेली असती तर थोरल्या भावाच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं असतं, आणि वहिनीनं ते दार उघडलं असतं याची मला अजूनही खात्री नाही.

शाखेची एक अट भलतीच कडक होती. दुकानात शिकवलेली, पगारी, टोपीवाली माणसं हवीत. घरची माणसं अजिबात नकोत. (घरचे लोक माल खातात आणि ओळखीपाळखीत उधारी वाटतात, असं मालकांचं मत. माझ्यापुरतं ते खरं होतं.)

आता माणसं आणायची कुठून? एकेकाला सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, वळायला शिकवावं आणि त्याचा हात बसला की त्यानं प्लांटच्या भरतीच्या रांगेत जाऊन उभं राहावं. तिथे क्वार्टर होतं, ठरलेला पगार होता, भोंगा वाजला की घरी जाता येत होतं. रामदीन हा माझा शेवटचा माणूस. त्याला मी हातापाया पडून थांबवत होतो. तो शांतपणे म्हणाला, "मालिक, आगी के आगू मा खड़े रहना हे, त बड़े आगी के आगू मा रहिहौं." आगीपुढेच उभं राहायचं तर मोठ्या आगीपुढे!

नशिबानं तेव्हाच कुसुमची आई यवतमाळहून मुक्कामाला आली होती. आमच्याकडे जावई सासूला मामीजी म्हणतो. मामीजींनी आल्या आल्या कढईचा ताबा घेतला. वडी अशी करायच्या की नागपूरचा माल फिका पडावा. अडचण एकच. नातवंडाचं तोंड पाहीपर्यंत लेकीच्या घरचं फुकट काही खायचं-प्यायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. चहा झाला की पदराच्या गाठीतून एक आणा काढून गल्ल्यावर ठेवायच्या. मी परत केला की पुन्हा ठेवायच्या. शेवटी मी नाद सोडला.

आणि निरोप आला की नागपूरचे फिरते साहेब, बक्षी, दुकान तपासायला येत आहेत.

"मामीजी," मी म्हणालो, "आजचा दिवस नोकर व्हा."

त्यांनी झारा कढईवर आपटला. "जावयाच्या घरी मी नोकर?"

"नाही तं बोर्ड उतरते, आई," कुसुम म्हणाली.

मामीजींनी लेकीच्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं आणि टोपी मागितली. "घालतो बाप्पा. पन मले अगं-तुगं केलं तं हाच झारा डोक्यात घालीन."

बक्षीसाहेब आले, बसले, वडी मोडून तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"चव आपलीच आहे," ते म्हणाले. "ही बाई कोण?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "नोकर आहे."

मामीजींनी माझ्याकडे असं पाहिलं की कढईतलं तेल त्यापुढे गार वाटावं.

"तोऱ्याची दिसते."

"पण कामाची आहे, साहेब."

इतक्यात दुर्गच्या लेबर ऑफिसातले तिवारीजी सायकल टेकवून आत शिरले. दुकानांसाठी सरकारचा नवा कायदा आला होता. नोकराला आठवड्याची सुट्टी द्या, पगार द्या, कार्ड द्या, नाहीतर खटला. घरची माणसं मात्र नोकरांत धरत नसत. म्हणजे 'सब घर के हैं' एवढं म्हटलं की मी सुटलो असतो. पण बक्षीसाहेबांसमोर ते म्हणायचं कसं?

"नौकर हैं?" तिवारीजींनी विचारलं.

"हैं ना," बक्षीसाहेबच अभिमानानं बोलले. "टोपी देखिए."

तिवारीजी मामीजींकडे वळले. "माताजी, छुट्टी किस दिन मिलती है?"

"सुट्टी? लग्न झालं तवापासून नाही भेटली."

"और तनखा?"

"ते कोन देते?"

मी रुमालानं मान पुसत होतो. एवढ्यात मामीजींचा चहा संपला. त्यांनी सवयीनं पदराची गाठ सोडली आणि एक आणा गल्ल्यावर ठेवला.

तिवारीजींनी तो आणा उचलून पाहिला. "मालिक को पैसा आप देती हैं?"

"मंग? फुकट कावून प्याचा?"

"ये तो बेगारी से भी आगे की बात है," तिवारीजी मला म्हणाले. "चलिए दुर्ग. कचहरी में बात होगी."

खरं सांगावं तर बोर्ड जातो, खोटं रेटावं तर कचेरी. पडद्याआडून कुसुम माझ्याकडे पाहत होती.

मामीजींनी टोपी काढली. "याहीले कावून धमकावून राहिले? हे माहे जावई होत."

"दामाद! तो पहले बोलना था." तिवारीजी हुश्श करून बसले आणि त्यांनी एक वडी उचलली. त्याच वेळी बक्षीसाहेबांनी हातातली वडी खाली ठेवली.

"म्हणजे घरचं माणूस. बोर्ड उतरवा."

कुसुम पडद्याबाहेर आली. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"कावून उतरवता?" मामीजी म्हणाल्या. "तुमाले पगारी मानूस पायजे ना? मंग मले पगारी ठेवा. लेकीचं फुकट खायापेक्षा पगाराचं खाईन."

"पण शिकवलेलं माणूस लागतं," बक्षीसाहेब म्हणाले.

"आता डोळे मिटून खाल्लं ते कोनाच्या हातचं होतं?"

बक्षीसाहेबांनी ताटलीकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि खाली ठेवलेली वडी पुन्हा उचलली.

"तो फिर हफ्ते की छुट्टी और कार्ड," तिवारीजी भरल्या तोंडानं म्हणाले.

अशी माझी सासू पगारी झाली. सुट्टीच्या दिवशी त्या गिऱ्हाइकासारख्या समोर बसायच्या आणि माझ्या वडीत मीठ जास्त आहे हे बाजाराला ऐकू जाईल असं सांगायच्या. पुढे प्लांटच्या कॅन्टीनमध्ये बायकांची भरती निघाली. मामीजींनी टोपी गल्ल्यावर ठेवली. "आगीपुढंच उभं राह्याचं, तं मोठ्या आगीपुढं राहू," म्हणाल्या, आणि गेल्या.

माझ्या हातची वडी कोणी खाईना. बोर्ड शेवटी उतरलाच, आणि मी त्याच कॅन्टीनमध्ये भजी तळायला लागलो. तिथल्या कढयांवर मामीजी मुकादम होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवली, जराशी सरळ केली. मॅनेजर तिथून चालले होते. त्यांनी विचारलं, "ये कौन हैं आपके?"

मामीजींनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"कोनी नाही. नोकर आहे."