पेटीतला प्रोग्राम

किस्से उसाच्या गाड्यांसारखे असतात. एक फाटकात शिरली की मागे रांगच लागते! आमच्या तिघांपैकी आता चहाला मी एकटाच उरलोय, म्हणून तुम्हाला सांगतो.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. राहुरीकडच्या आमच्या साखर कारखान्यात कुणाचा ऊस कधी तोडायचा, याचा तक्ता कॉम्प्युटरवर करायचं ठरलं. कॉम्प्युटर पुण्यात! आमच्याकडे नुसती कार्डांना भोकं पाडायची मशीन. प्रोग्रामची एक ओळ म्हणजे एक कार्ड. गाडेकर साहेब प्रोग्राम लिहायचे, कुसुमताई कार्डं पंच करायच्या आणि मी पत्र्याची पेटी एसटीने पुण्याला न्यायचो.

*

पहिल्याच खेपेला कंडक्टरने विचारलं, "पेटीत काय हाय?"

"प्रोग्राम."

"व्हय? मग कलाकार कुठं हायत?"

*

आमच्या प्रोग्रामला नावं क्रमाने लावणारा, कार्डांचा एक तयार गठ्ठा लागायचा. एकदा तोच टेबलावर राहिला! पुण्याहून पेटी जशीच्या तशी परत. साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "पंगत बसली, अन् मीठ घरी!"

तेव्हापासून पेटी बंद करण्याआधी हजेरी व्हायची. "हुकमाची कार्डं?" "हजर!" "प्रोग्राम?" "हजर!" "मीठ?" कुसुमताई हसत ओरडायच्या, "हजर!"

*

हुकमाची कार्डं सगळ्यात वर. मशीनने काय आणि कसं करायचं, ते त्यांवर. एकदा त्यातलंच एक चुकलं आणि एका पानावर एकच शेतकरी छापून आला! कागदाचा हा ढीग! देवळालीचे एक म्हातारबाबा आपलं पान उलटंपालटं करत म्हणाले, "माझा सातबारा बी एवढा कोरा न्हाई!"

*

साहेबांनी खोलीचा एक कोपरा मोकळा ठेवला होता. "इथं आपला कॉम्प्युटर येणार." तिथे कुणी खुर्चीसुद्धा ठेवायची नाही. खंडेनवमीला आम्ही मशीनला हार घातले. साहेबांनी त्या मोकळ्या फरशीवर एक झेंडूचं फूल ठेवलं.

कुणी हसलं नाही.

*

कुसुमताई दर खेपेला पेटी माझ्या हाती देताना म्हणायच्या, "पोरगी आपन सजवायची, अन् सासर बघायचं न्हाई व्हय?" साहेब म्हणायचे, "पुढच्या खेपेला नक्की."

मग कळलं, आता कार्डंसुद्धा पुण्यातच पंच होणार. ही शेवटची पेटी. साहेबांनी ताईंना माझ्यासोबत धाडलं. त्या नवं लुगडं नेसून आल्या.

आम्ही पोचलो. पेटी आत गेली. दारात त्यांनी चपला काढल्या. ऑपरेटरने दार उघडून धरलं. आतून गार वारा आला, आणि कार्डं सरसर गिळली जात असल्याचा आवाज.

"या ना ताई, आत या."

ताई दारातच उभ्या राहिल्या. डोळे मिटून आवाज ऐकत होत्या. मग खाली वाकून त्यांनी चपला पुन्हा पायात घातल्या.

"चला भाऊ. यष्टी चुकंल."

दुपारचे बारा वाजले होते. आमची गाडी संध्याकाळची होती.