पनी म्हणजे ताप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यांनाही नाही. यांना वाटतं, आपली बायको सरळ आहे, फार तर जरा तोंडाळ. मग तुम्हाला का सांगते आहे? तुमची माझी ओळख नाही, म्हणूनही असेल.

आठ वर्षं झाली. चिंचवडला आम्ही नवीनच बिऱ्हाड केलं होतं. हे कंपनीत शिफ्टला, आणि मी घरात — मॅट्रिक झालेली, इंग्रजी येणारी, आणि ते कुणाला दाखवू असं झालेली. अशात एक दिवस मिशनच्या एक सिस्टर दारात उभ्या. पांढरी सुती साडी, झिजलेल्या चपला, वय माझ्याएवढंच. मूळच्या केरळातल्या. आकुर्डीच्या पुढे कारखान्यांची बांधकामं चालली होती, तिथल्या बिगाऱ्यांच्या झोपड्यांमध्ये पत्र्याची एक खोली भाड्याने घेऊन त्यांनी दवाखाना काढला होता. मराठी येत नव्हतं. लोकांचं दुखणं त्यांना आणि त्यांचं बोलणं लोकांना सांगणारं कुणीतरी हवं होतं. मी लगेच हो म्हटलं. सेवाबिवा काही मनात नव्हती — उगाच मोठेपणा कशाला घेऊ? मला मिरवायला मिळणार होतं.

आणि मिरवलंच. "शिस्टरबाई काय म्हनत्यात?" असं दहा बायका माझ्या तोंडाकडे बघत विचारायच्या, तेव्हा मला मूठभर मांस चढायचं. काम मात्र सगळं सिस्टरांचं. खरजेने भरलेल्या पोरांना त्या स्वतः आंघोळ घालत. एका म्हाताऱ्याच्या पायाच्या जखमेत अळ्या पडल्या होत्या. मी नाकाला पदर लावून दाराबाहेर, आणि त्या आत चिमट्याने एकेक काढत, "झालं हां आजोबा, झालं," म्हणत बसलेल्या. आपल्या देवाबद्दल त्या कधी अवाक्षर काढत नसत. एकदा मीच विचारलं, तर हसून म्हणाल्या, आधी खरूज जाऊ दे. हे नीट लक्षात ठेवा. मला हे ठाऊक होतं.

आता पनीचं सांगते. पहिल्याच आठवड्यात एक बाई उन्हातून आली, दाराशी टेकली आणि म्हणाली, "वाईच पानी द्या." सिस्टरांनी लगबगीने तिच्या तोंडात थर्मामीटर घातला. त्यांच्या भाषेत पनी म्हणजे ताप. बाई बिचारी थर्मामीटर चोखत गप्प बसली. आम्ही दोघी मागाहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. पुढे तो आमचा विनोदच झाला — तापलेलं पोर आलं की सिस्टर माझ्याकडे बघून म्हणायच्या, "शालूताई, पानी!"

त्या विनोदाचं मी काय केलं, ते सांगायचं आहे.

कोंडाबाई बांधकामावर घमेली वाहायची. तिची मंदा तीन वर्षांची. दवाखान्याच्या दारातच खेळायची, सिस्टरांच्या कमरेची जपमाळ ओढायची. एका सकाळी कोंडाबाईने तिला उचलून आणली — अंग फणफणलेलं, झटक्यावर झटके. सिस्टरांनी सुई टोचली, पण पोरीला पिंपरीला मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. कोंडाबाई नवऱ्याला बोलवायला कामावर धावली. सिस्टर गाडी थांबवायला सडकेवर. जाताना मला दोनदा बजावलं — तिला शुद्ध नाही, तोंडात काही घालायचं नाही, थेंबसुद्धा नाही. इंग्रजीत बजावलं. आणि मला तर इंग्रजी येत होतं.

मग पोरीच्या घशात घरघर लागली. मला वाटलं, चालली. आपल्यात कुणाला कोरड्या घशाने जाऊ देतात का? माझी आजी गेली तेव्हा मीच तिच्या तोंडात पाणी घातलं होतं. हात आपोआप माठाकडे गेला. एक चमचा. मग दुसरा — दुसरा कशाला? तिला ठसका लागला, अंग ताठलं, ओठ निळे पडले. आणि संपलं. पाण्याने गेली की तापाने, मला आजही माहीत नाही. मी चमचा पुसला आणि भांडं माठावर पालथं घातलं. हे मात्र आपोआप नव्हतं.

सिस्टर आल्या. पोरीच्या तोंडाला तोंड लावून कितीतरी वेळ श्वास भरत राहिल्या. मागोमाग कोंडाबाई, तिचा नवरा, कामावरची माणसं. पोरीची हनुवटी ओली होती, झबलं ओलं होतं. कोंडाबाईने ती ओल बोटांनी चाचपली.

"माज्या पोरीला पानी कुनी घातलं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "ह्या बाया मरत्या पोराला पानी घालून बाटवत्यात." सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "मी बाहेर होते."

सिस्टरांनी रडत रडत मला विचारलं, हे काय विचारताहेत? आणि मी — मी त्यांना सांगितलं, पनी होती का, विचारताहेत. तुमची पनी.

पाणी हा शब्द त्यांना एव्हाना येत नव्हता का? येत होता. पण त्यांचा स्वतःच्या कानांपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास होता. त्यांनी कोंडाबाईचे दोन्ही हात धरले आणि मान हलवली.

"होय. पानी. फार पानी."

कुणी हात उगारला नाही. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात कुणी आलं नाही, एवढंच. तो पायाचा म्हाताराही नाही. सिस्टर रोज दार उघडून बसत, पट्ट्या घडी घालून ठेवत. लोक का येत नाहीत, म्हणून मला विचारत. मी म्हणे, कामाची घाई आहे. कोंडाबाईने मला पोर गेली त्याच दिवशी विचारलं होतं, पोर आपली ऱ्हायली का त्यांची झाली, माती कुनाच्या देवाच्या नावानं देऊ? मला काय माहीत, म्हटलं मी. ती अजून आकुर्डीतच असते. बाजारात दिसली की मी रस्ता ओलांडते.

दोन महिन्यांनी सिस्टरांना तिथून हलवलं. चिंचवड स्टेशनवर पोचवायला मी एकटीच होते. एक पत्र्याची पेटी, वर रणरणतं ऊन. मी आपली बडबडत होते — जपून जा, पत्र लिहा. बोलता बोलता माझा घसा सुकला. त्यांनी पिशवीतून बाटली काढली, झाकणात ओतलं आणि माझ्यापुढे धरलं.

"पाणी घ्या, शालूताई."

ण अगदी स्वच्छ होता.

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांना सगळं कळलेलं होतं. कधीपासून, कुणास ठाऊक. आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं — मलासुद्धा नाही. गाडी यायला अजून वेळ होता. बोलायचं असतं तर बोलता आलं असतं.

मी पाणी प्यायले आणि झाकण परत दिलं.