पासाऊतला चंद्रोदय

सुभेदारांनी मला "सुवर्णा" म्हणून हाक मारली. सुवर्णा त्यांची सून. ती उंब्रजला घरी होती, आणि आम्ही जर्मनीत, पासाऊ गावात, डॅन्यूबच्या काठावर. हवा स्वेटर घालण्याइतकी गार, तरी त्यांचं कपाळ घामानं निथळत होतं. हातातली पाण्याची बाटली थरथरत होती.

मी टूर मॅनेजर. ऑफिस साताऱ्यात. माझ्या ग्रुपमध्ये रिटायर्ड फौजी आणि ऊसवाली मंडळीच जास्त. टूर मॅनेजर म्हणजे झेंडा धरून पुढे चालणारी बाई, असं लोकांना वाटतं. खरं काम पोटाचं असतं, आणि जर्मनीच्या या बव्हेरिया प्रांतात ते जड जातं. पासाऊत तीन नद्या मिळतात, काठानं हॉटेलांची रांग आहे. पण मेनूवर बहुतेक डुक्कर. बटाट्याचे उकडलेले गोळे बिनधास्त मागवावेत, तर वरचा रस्सा मांसाचा. दुपारनंतर बरीच किचन बंद. त्यातून रविवार, म्हणजे बेकऱ्यांनाही कुलूप. राहतं ते बिअर गार्डन, झाडांखाली बाकडी टाकलेलं. बिअर न पिणाऱ्यांना तिथे सफरचंदाच्या रसात सोडा घालून देतात. आम्ही तिथेच बसलो होतो.

"काकू, यांनी दुपारी काय खाल्लं?" मी त्यांच्या बायकोला विचारलं.

"काय न्हाई. आज संकष्टी हाय न्हवं? चंद्र उगवल्याबिगर पाण्याशिवाय काय घेत न्हाईत."

"आणि शुगरची गोळी?"

"ती सकाळीच घेतली की. डाक्टरनं चुकवायची न्हाई म्हणून सांगितलंय."

म्हणजे गोळी पोटात, अन्न नाही, आणि दिवसभर दगडी रस्त्यांवरून चालणं. शुगर अशी एकदम उतरली की त्याला हायपो म्हणतात. मेंदूचंच रेशन बंद होतं. माणूस बरळतो, हट्टाला पेटतो, मग बेशुद्ध पडतो. जीवही जाऊ शकतो. उपाय मात्र साधा, साखर पोटात गेली पाहिजे.

मी रसाचा ग्लास त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी हात झटकला.

"चंद्र?"

मी मोबाइलवर बघितलं. तिथला चंद्रोदय मध्यरात्रीनंतर होता. ते काही मी त्यांना सांगितलं नाही.

"पोरगा बॉर्डरला हाय," ते जड जिभेनं म्हणाले. "त्यो गेल्यापासनं एक संकष्टी मोडली न्हाई. आज मोडली आन् तिकडं कायतरी झालं, तर?"

मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. येतो म्हणाले, पण जुन्या गावातल्या त्या बोळांतून गाडी कधी पोचणार कोण जाणे. सुभेदारांची नजर आता एका जागी ठरेना. मी खूप घाबरले होते. परक्या देशात ग्रुपमधला माणूस आपल्या डोळ्यांदेखत जाणार, असं वाटलं.

"ताई, सुवर्णाला फोन लावा," काकू म्हणाल्या. त्यांना रडू आवरत नव्हतं. "तिचं ऐकत्यात ते."

व्हिडिओ कॉल लागला. तिकडे अंधार पडून गेला होता. दोन वाक्यांत मी सगळं सांगितलं. सुवर्णानं एकही प्रश्न विचारला नाही. फोन घेऊन ती अंगणात आली. स्क्रीनवर काळोख हलला, मग पत्र्याच्या वर एक पांढरा गोल दिसला.

"मामा, उगवला बघा. मी हात जोडलं. तुमी बी सोडा आता."

सुभेदार स्क्रीनकडे बघत राहिले. मग दोन्ही हात कपाळाला लावले आणि ग्लास तोंडाला लावला. अर्धा रस शर्टावर सांडला, अर्धा पोटात गेला. मी लगेच दुसरा पाजला. ॲम्ब्युलन्सवाले आले तोवर ते मला पुन्हा मॅडम म्हणायला लागले होते. आलेल्या माणसांनी बोट टोचून शुगर बघितली, ती चढत होती. माझा जीव भांड्यात पडला.

हॉटेलवर पोचल्यावर सहज मोबाइलवर उंब्रजच्या चंद्रोदयाची वेळ बघितली. आम्ही फोन केला तेव्हा त्याला तासाभराहून जास्त अवकाश होता. 

सकाळी नाश्त्याला सुभेदार कप घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, काल त्यो चंद्र न्हवता. ग्रामपंचायतीचा दिवा हुता, आमच्या दारातला. मीच अर्ज करून बसवून घेतलाय."

"ओळखलात? मग प्यायलात कसे?"

त्यांनी कपात बघत चमचा फिरवला.

"ज्याच्यासाठी उपास धरतो, त्याची बायको हाय ती. ती सोडा म्हणाली. तिच्याम्होरं मी कोण?"

तेव्हापासून ग्रुप निघायच्या आधी, कुठे काय खायला मिळेल हे मी शेवटी सांगते. कोण कधी खात नाही, हे आधी विचारते.