मोहगावच्या मुलीची फाईल

मंगळवारी सकाळी साडेनऊला सुनंदा गेली. सुनंदा म्हणजे माझी बायको. चौदाव्या दिवशी मी पांढुर्ण्याहून बस पकडून सौंसरच्या शाखेत हजर झालो. मी बँकेत कर्ज अधिकारी आहे. टेबलावर पहिली फाईल शैक्षणिक कर्जाची होती.

प्रणाली गजभिये, मोहगाव. बारावी पास. कोर्स बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी. नागपूरचं खासगी कॉलेज. वडील रमेश गजभिये नगर पंचायतीत पंप चालवतात. कर्ज मागितलं होतं पाच लाखांचं. एकूण खर्च दहा लाख, पण निम्मी रक्कम सरकारी फी सवलतीतून सुटेल, असं कॉलेजच्या प्रवेश एजंटने लिहून दिलं होतं. सोबत कॉलेजचं प्लेसमेंट लेटर जोडलेलं. सुरुवातीचा पगार पस्तीस हजार.

त्या आकड्यावर माझा विश्वास बसला नाही.

"पस्तीस हजार कोणाला मिळाले, नाव सांगता येईल?" मी समोर बसलेल्या बापलेकीला विचारलं.

"लेटरवर लिहून आहे ना जी," गजभिये म्हणाले. "कॉलेज काहून खोटं लिहीन?"

प्रणाली माझ्याकडे पाहत होती, लेटरकडे नाही.

सुनंदाला पॅरालिसिस झाल्यावर अकरा महिने नीलेश नावाचा फिजिओथेरपिस्ट घरी येत असे. लोधीखेड्याचा मुलगा. मी त्याला फोन केला.

"नीलेश, खरं सांग. क्लिनिकमध्ये किती देतात?"

"चौदा हजार, काका. चार वर्षं झाली. बाकी घरोघरी व्हिजिट मारून राहिलो म्हणून भागते." मग तो म्हणाला, "काहून विचारून राहिले? आता तुम्ही शिकता का?"

दोन आठवड्यांत मी पहिल्यांदा हसलो. हसल्याचं लगेच वाईट वाटलं.

पाच दिवस मी ती फाईल धरून बसलो. नोकरी देणाऱ्या म्हणून लेटरवर नावं असलेल्या दोन क्लिनिकना फोन केले. एक लागला नाही. दुसऱ्याने असं कॉलेज माहीत नसल्याचं सांगितलं. शेवटी मॅनेजर पटले मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"फाईल का अडली?"

"पगार खोटा आहे, मॅडम. खरा चौदा हजार."

"पगार तर सगळ्याच लेटरवर फुगवून राहतात. पाच लाखांना तारण लागत नाही. हप्ता सात-साडेसात हजार. चौदातून निघेल कसाबसा." त्यांनी आवाज खाली आणला. "भाऊ, राग नका मानू. घरचं इथे आणून तर नाही राहिले ना तुम्ही?"

अकरा महिन्यांच्या व्यायामानंतरही सुनंदाचा हात उठला नव्हता. मला त्या पेशावरच राग होता का? त्या दिवसापासून मी लेटरइतकाच स्वतःवरही संशय घेऊ लागलो. म्हणून ठरवलं, मंजूर करायचं. मंजुरीची नोट लिहायला घेतली.

नोटमध्ये सवलतीचा आधार लिहावा लागतो. त्यासाठी रहिवासी दाखला काढला. तो सौंसरच्या तहसीलदाराचा होता. असे शेकडो दाखले माझ्या हाताखालून गेले आहेत. हाही दोनदा गेला होता. तिसऱ्यांदा मी शिक्का वाचला: मध्य प्रदेश शासन.

सवलत महाराष्ट्र शासनाची होती, सीमेपलीकडच्या रहिवाशांसाठी.

मी कॉलेजच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या बाईंनी दोनच प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "दुसऱ्या राज्याची मुलगी आहे ना? मग पूर्ण फी."

एजंटलाही विचारलं. तो म्हणाला, "साहेब, ते तर कर्ज घेणाऱ्या पार्टीने पाहावं लागते."

मी गजभियांना बोलावून सांगितलं.

"असं कसं जी? बोली तेच, जात तेच. माही सासुरवाडी काटोलची. दवाखाना लागला तर आम्ही नागपूरलेच जातो."

"सगळं खरं. पण दाखला इथला आहे."

"आजपर्यंत कोणी अडवलं नाही आम्हाले."

मलाही कोणी अडवलं नव्हतं. सुनंदाला मी नागपूरलाच नेलं होतं.

मग मी कागदावर हिशेब मांडला. सवलत नसेल तर कर्ज दहा लाखांचं. साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण लागतं, म्हणजे मोहगावचं घर बँकेकडे गहाण. शिक्षण संपल्यावर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. हप्ता सुरू होईल तेव्हा साडेचौदा हजारांचा. नीलेशचा पगार चौदा.

प्रणालीने कागद स्वतःकडे ओढला.

"पस्तीस खरे असते तर?"

"तर मी हो म्हटलं असतं."

"आणि हा कोर्स वाईट आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "हे कर्ज वाईट आहे."

"बाबा, घर नाही लावायचं," ती म्हणाली. "कॉलेजात भरलेला ॲडव्हान्स गेला तर जाऊ द्या."

तिने एक वर्ष थांबून पुन्हा फॉर्म भरला. मध्य प्रदेशातल्या सरकारी कॉलेजात तिला त्याच कोर्सची जागा मिळाली. तिथे तिचा दाखला चालला. ते कर्ज मीच मंजूर केलं, तारणाशिवाय.

मी पाच दिवस पगाराच्या आकड्यावर संशय घेतला, कारण तो अनोळखी होता. दाखल्यावर घेतला नाही, कारण तसाच माझ्या घरीही आहे. कर्ज अधिकाऱ्याने आधी ओळखीचा कागद वाचावा.

प्रणाली आता दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या नावावर एक लाख चाळीस हजार बाकी आहेत. नागपूरच्या कॉलेजात भरलेले पंचवीस हजार परत आलेले नाहीत.