पारव्वाच्या तोंडचे शब्द

सायली मिरजेहून लग्न होऊन जुन्या हुबळीत आली, तेव्हा तिला कन्नडचं अवाक्षरही कळत नव्हतं. घरी मराठीच चाले, त्यामुळे कधी अडलं नाही. अडलं ते सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आल्यावर. श्रीहरीअप्पांची वाचा परत आली, पण मराठी गेली ती गेलीच. कापडदुकानात जन्मभर दोन्ही भाषा बोललेला माणूस आता फक्त लहानपणी गल्लीत शिकलेलं कन्नड बोलू लागला.

नवरा विनायक दिवसभर दुकानात. सायली घास भरवायला बसली की अप्पा तिचं मनगट घट्ट धरत. "होगब्याड, पारव्वा."

अप्पांची शुश्रूषा करायला माया यायची. तिला सायलीनं विचारलं, "काय म्हणतात गं?"

"जाऊ नको म्हणतात. पारव्वा कोण, वहिनी?"

विनायकनं विषय टाळला. शेवटी चुलतसासूंनी सांगितलं. पारव्वा म्हणजे पार्वती, अप्पांची धाकटी बहीण. सासरचा जाच सोसवेना म्हणून माहेरी पळून आली होती. अप्पांनीच समजूत घालून तिला परत नेऊन सोडलं. महिन्याभरात तिनं विहीर जवळ केली.

"मी पारव्वा नाही" म्हटलं की अप्पा तोंड मिटून घेत. "हो, इथंच आहे" म्हटलं तरच घास गिळत. म्हणून सायली पारव्वा झाली. मायाकडून शिकलेल्या मोडक्यातोडक्या कन्नडमधून उत्तरं देऊ लागली. पण अप्पांचे प्रश्न वाढत गेले. सासू मारते का? मला का नाही सांगितलंस? मेलेल्या बाईनं काय बोलावं, हे ती भाकरी थापताना मनात जुळवत बसे. एकदा मात्र न जुळवताच तोंडून निघून गेलं, "सांगितलं होतं, अण्णा. तू ऐकलं नाहीस."

अप्पा हमसून हमसून रडले. दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत. आपण हे काय करून बसलो, असं सायलीला वाटत राहिलं.

थोड्याच महिन्यांत अप्पा गेले. पारव्वा मात्र सायलीच्या डोक्यात बोलतच राहिली. माया धारवाडला मळमड्डीतल्या एका हौशी नाट्यमंडळात काम करायची. ती म्हणाली, "सुटायचं असेल तर लिहून काढा, वहिनी." सायलीनं लिहिलं. भाऊ कन्नडमध्ये बोलतो, बहीण मराठीत. मंडळानं ते बसवलं आणि पारव्वाचं काम मायानंच केलं.

पहिल्या प्रयोगाहून घरी आल्यावर विनायक कडाडला, "घरची लक्तरं वेशीवर टांगलीस! बाजारात तोंड कसं दाखवू मी?"

"अप्पांना तेच सांगायचं होतं."

"तुला काय ठाऊक? आत्याच्या तोंडी शब्द तर तूच घातलेस."

 

आमचं आडनाव लावायचं नाही, असं त्यानं बजावलं. तिनं माहेरचं लावलं. नाटक गदगपर्यंत गेलं. मंडळानं दुसरं मागितलं, मग तिसरं. आता त्या नावानं लोक तिला सत्काराला बोलावतात. घरात त्याविषयी चकार शब्द निघत नाही. पहिल्या नाटकाचा प्रयोग लागला की सायली स्वतःही जात नाही. भाऊ रडतो त्या जागी लोक टाळ्या वाजवतात, ते तिला ऐकवत नाही.