घरचं धान शेवटी

जगात कोणाचं काम आधी आणि कोणाचं मागून, हे ठरवण्याचा अधिकार देवाने एका माणसाला देऊन टाकला असेल, तर तो आमच्या एका लांबच्या आत्याच्या यजमानांना. आम्ही भाचेमंडळी त्यांना मामाजी म्हणायचो. शहापूरजवळ हमरस्त्याला लागून त्यांची धान भरडायची गिरणी होती. दिवाळी झाली, लवकर पिकणारं हलकं धान निघालं, की बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जाई, आणि मामाजी अंगभर कोंडा माखून त्या रांगेपुढे न्यायाधीशासारखे उभे राहत. आधी आला त्याचं आधी, असला सोपा न्याय त्यांना मान्य नव्हता. ज्या घरी तेरवी त्याचं पहिलं, मग बाळंतिणीचं घर, मग लग्नघर आणि उरलेले सगळे त्यामागे. एकदा एक गडी रडवेला चेहरा करून आला, आजी गेली म्हणाला आणि सगळ्यांच्या पुढे लागला. त्याचं धान गिरणीच्या वरच्या तोंडाशी, चाड्यात, पडतं न पडतं तोच आजी स्वतः त्याची शिदोरी घेऊन हजर! मामाजी जराही चिडले नाहीत. हात जोडून म्हणाले, "बसा जी आजी. तुमच्याच तेरवीचे तांदूळ होऊन राहिले."

दुसरा त्यांचा नेम चाड्याच्या झडपेचा. गिरणीत खाली तांदूळ आणि कोंडा साचला, तो उपसला गेला नाही, की वरून धान सोडणं ते बंद करत. नाहीतर यंत्र तुंबतं, पट्टा उतरतो आणि सगळ्यांचाच दिवस वाया जातो. लोक वरून कितीही ओरडोत, मामाजी झडपेवर हात ठेवून शांत. "खालचं खाली होऊ दे, मंग वरचं सोडतो." इथवर ठीक होतं. पण हाच नेम त्यांनी साऱ्या संसाराला लावला. बशीतला चहा संपल्याशिवाय कपातला ओतायचा नाही. दोघं एकदम बोलू लागले तर एकाच्या तोंडासमोर पंजा धरायचा. एका लग्नात त्यांनी पंगतीचा कारभार हाती घेतला आणि पत्रावळीवरचा भात संपल्याशिवाय वरण सोडू नका, असं वाढप्यांना बजावलं. आता वरणावाचून भात संपणार कसा? नवरदेवाचा मामा कोरडा भात चिवडत बसला आणि त्या सोयरिकीत मामाजींना पुढे कोणी बोलावलं नाही.

या सगळ्या न्यायात घरच्या माणसांची जागा ठरलेली होती, सगळ्यात शेवटी. गिरणी घरची आणि आत्या शेजारणीकडून तांदूळ उसने आणी. तिने कुरकुर केली की म्हणत, "घरचे लोकं कुठी पळून जाते का?" आत्या हसून सोडून देई. एक गोष्ट मात्र तिला सोडता येत नव्हती. दिवाळीनंतर वैनगंगेपलीकडे तिच्या माहेरी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरे. आमच्याकडे मंडईला लेकी-जावयांनी यायचं असतं, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ पाहायचा असतो, चार दिवस राहायचं असतं. माहेरी तिची म्हातारी आई एकटीच. ती दर साली येणाऱ्याजाणाऱ्याजवळ निरोप धाडी, औंदा तरी जावयाले घेऊन ये. आणि मंडई नेमकी गाड्यांची रांग सगळ्यात लांब असते तेव्हा.

"अजी, औंदा तरी चलता का?"

"रांग पाह्यली का तू? पुढच्या साली पक्कं."

"एकटी गेलो तं माय जावयाची वाट पाहत रायते जी. मंडई गोड नाही लागत तिले."

मग आत्याही जायची नाही. पुढचं साल येई, रांगही येई. मामाजींच्या मनात खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. गप्प बसणाऱ्या माणसालाही घाई असते, हे त्यांना कधी कळलंच नाही एवढंच.

एका उन्हाळ्यात म्हातारी गेली.

त्या साली मंडईच्या दिवशी मी सुटीत शहापूरला होतो. रांग रस्त्यापर्यंत पोचली होती. मामाजींनी पट्टा उतरवला, गिरणीला कुलूप घातलं, धुतलेलं धोतर नेसले आणि आत्याला म्हणाले, "चल." गाडीवाल्यांना वाटलं, कोणी मेलं. आत्या निघाली. मीही सोबत गेलो. गावात दुकानं लागली होती, दंडारीची ढोलकी वाजत होती, लेकीबाळी नवी लुगडी नेसून फिरत होत्या. आत्याने एकाही दुकानाकडे पाहिलं नाही. सरळ आईच्या घराशी आली. दाराला कुलूप होतं, अंगणात गवत वाढलं होतं. थोडा वेळ बसून ती म्हणाली, "चला जी, तुमची रांग खोळंबली असन."

"खोळंबू दे," मामाजी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. मग ते उठले, दारापाशी गेले. सासूला ते मामी म्हणत. कुलपावर हात ठेवून, आत कोणी ऐकत असावं तसे हळूच बोलले, "आलो जी, मामी."

आत्याने पदर तोंडाला लावला. आम्ही तिघं दिवस कलेपर्यंत त्या बंद दारासमोर बसून होतो.